मनूच्या खाणीचा लांब खांब

दिगू, आज मी तुझ्या कॉम्प्युटरसमोर तुझ्याच खुर्चीवर बसले आहे आणि ती मला अजिबात मानवत नाही. एका अंगाला कललेली आहे. इतकी वर्षं हिच्यावर बसून तू दगडांची ताकद मोजलीस, पण हिचा एक बोल्ट आवळायला तुला सवड झाली नाही. काल मीच पान्हा आणून तो आवळला. हे तुला सांगणं भागच आहे, कारण या लॅबमधली कुठली वस्तू कोणी दुरुस्त केली यावरून आपण जेवढे भांडलो तेवढी नवराबायकोही भांडत नसतील.

पेपरात तुझ्या फोटोखाली ‘ख्यातनाम तंत्रज्ञ’ असं छापून आलं. ते वाचायला तू हवा होतास. ‘ख्यातनाम’ म्हणून मी तुला महिनाभर तरी छळलं असतं. तुझी जन्मतारीख, तुझं शिक्षण, तुझे सत्कार यातलं मी काही लिहिणार नाही, ज्यांना हवं त्यांनी पेपर वाचावा. मला तुझ्याशी एका चार्टबद्दल बोलायचं आहे. तो अर्धा राहिला होता, त्यावरचं आपलं भांडणही अर्धं राहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाच्या एका झटक्यात तू निघून गेलास. भांडण अर्ध्यावर टाकून उठायची सवय तुला पॉलिटेक्निकपासूनच होती. पण तेव्हा टपरीवर चहा पिऊन परत तरी यायचास.

माझ्या तोंडात अजून ‘मेल्या’ येतं. कोकणातल्या बायका लाडाने आणि रागाने दोन्ही वेळेला हाच शब्द वापरतात आणि तुला तो मी दिवसातून कितीदा तरी ऐकवायचे. परवा प्रिंटर अडला तेव्हा तो ओठावर आला आणि मी एकदम गप्प झाले. मग तिथेच उभी राहून रडले. प्रिंटरवर डोकं ठेवून रडायला फार अवघड जातं, बरं का.

आता तुला जे पाठ आहे ते थोडं परत सांगते, कारण हे तुझ्याशिवाय चार माणसं वाचतील. रत्नागिरीच्या एमआयडीसीतला आपला गाळा. चिऱ्यावर दाब देऊन तो फोडणारं मशीन, चिरे भिजत ठेवायचा हौद, आणि दोन टेबलं. बांधकाम करणारे आपल्याकडे जांभ्याचे चिरे, काँक्रीटचे ठोकळे, लोखंडाचे तुकडे आणून द्यायचे. तू ते फोडायचास, वाकवायचास, तोडायचास, आणि कशात किती दम आहे हे मी लिहून द्यायचे. तू तपासणार आणि मी सही करणार, अशी आपली वाटणी होती. तुझे हात लाल मातीने भरलेले असायचे आणि त्याच हातांनी तू माझ्या फाइली उचलायचास.

मग कधीतरी तुला चार्टचं वेड लागलं. साधे चार्ट तुला नकोच होते. तुला पल्ला दाखवायचा होता. एका खाणीचे चिरे घेतले तर त्यातला सगळ्यात मऊ कितीला फुटला आणि सगळ्यात कडक कितीला, हे एका नजरेत दिसलं पाहिजे असा तुझा हट्ट. एका रकान्यात सगळ्यात खालचा आकडा, दुसऱ्यात सगळ्यात वरचा, तिसऱ्यात दोघांतला फरक. मग खालच्या आकड्याएवढा उंच एक खांब उभा करायचा, त्याच्या डोक्यावर फरकाचा खांब रचायचा, आणि खालच्या खांबाचा रंग काढून त्याला अदृश्य करायचं. उरतो तो नुसता वरचा रंगीत तुकडा, हवेत तरंगणारा. ‘इथून इथपर्यंत,’ असं म्हणून तू बोटाने त्याची दोन्ही टोकं दाखवायचास.

पहिल्यांदा केलास तेव्हा फरकाच्या ऐवजी वरचा आकडाच रचून टाकलास. आपला साधा जांभा चिरा चार्टच्या छताला जाऊन टेकला. मी विचारलं होतं, ‘दिगू, हा दगड कुठल्या खाणीचा रे? आपण ह्याचं धरणच बांधू.’ त्यानंतर फरक बरोबर काढायला शिकलास, पण खालचा खांब अदृश्य करायच्या ऐवजी त्याला पांढरा रंग देऊन मोकळा झालास. कागद पांढरा, म्हणून कुणाला कळलं नाही. पुढे एका कंत्राटदाराने तो चार्ट उचलून स्वतःच्या पिवळ्याधमक स्लाइडवर चिकटवला आणि बैठकीत सगळ्यांसमोर ते पांढरे खांब उघडे पडले. ‘साहेब, हे पांढरं मटेरियल कुठलं लावलंत?’ म्हणून त्याचा फोन आला, तेव्हा तू फोन माझ्या हातात देऊन हौदाकडे पळालास.

आपलं मोठं भांडण होतं ते सरासरीवरून. प्रत्येक खांबावर सरासरीचा एक ठिपका द्यावा असं मी म्हणायचे आणि तू तो पुसायचास.

‘शुभा, भिंत काय सरासरीवर उभी ऱ्हात नाय गो,’ तू म्हणायचास. ‘तिच्यात जो सगळ्यात मऊ चिरा आसतो ना, तो पयला बोलतो.’

‘पण गिऱ्हाईकाला हो की नाही एवढंच हवं असतं. तुझं इथून इथपर्यंत घेऊन ते काय करतील?’

‘बघतील. डोळे दिलेत ना देवानं.’

ठिपक्यावर मी हरले. पण नियमात किमान ताकदीचा जो आकडा दिलेला असतो, त्या उंचीवर चार्टभर एक आडवी लाल रेघ मारायची, हे मी तुझ्या गळी उतरवलंच. खांबाचं खालचं टोक रेघेच्या वर असेल तर चिरा घ्या, खाली गेलं तर नको. तुझे खांब आणि माझी रेघ असा आपला चार्ट बनला आणि तो चांगला होता. आपल्यासारखा चार्ट जिल्ह्यात कुणाचा नव्हता, हे मी तू असतानाही म्हणायचे आणि आताही म्हणते.

तुझं वेड दगडांवर थांबलं नाही. एक दिवस भिंतीवर चार्ट दिसला, ‘शुभाची ऑफिसात येण्याची वेळ’. प्रत्येक महिन्याला एक खांब. पावसाळ्यातले खांब तर पार जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचलेले. मी त्याच्या शेजारी माझा लावला, ‘दिगू पाच मिनिटांत येतो म्हणाला, त्यानंतर तो येण्याची वेळ’. त्यात एकच खांब होता आणि तो कागदात मावत नव्हता म्हणून वर दुसरा कागद जोडावा लागला. दोन्ही चार्ट अजून भिंतीवर आहेत. माझा काढणार नाही आणि तुझा तर नाहीच नाही.

आता मुद्द्यावर येते. पूर्णगडच्या मच्छीमारांच्या सोसायटीला जाळी ठेवायला आणि विणायला मोठी शेड बांधायची होती. खाडीच्या अगदी काठावर, म्हणजे चार महिने भिंती ओल्याच राहणार. चिरा कुठला घ्यावा हे ठरवायला त्यांनी तीन खाणवाल्यांना सांगितलं, तुमचे नमुन्याचे चिरे लॅबला पाठवा. त्यातली एक खाण तुझ्या धाकट्या भावाची, मनूची, तुमच्या गावच्या सड्यावरची, त्या उघड्या कातळाच्या पठारावरची. तू चिऱ्यांवर मेणखडूने नंबर घातलेस, हौदात भिजवलेस, मशीनखाली एकेक फोडलास आणि चार्ट काढलास. दोन खाणींचे खांब आखूड, नीटनेटके, लाल रेघेच्या वर. मनूचा खांब मात्र लांबच लांब. वरचं टोक त्या दोघांच्याही वर, आणि खालचं टोक रेघेच्या खाली.

गंमत म्हणजे त्या दिवशी माझा ठिपका तुझ्या कामाचा होता. मनूची सरासरी रेघेच्या चांगली वर होती. नुसता ठिपका दाखवला असता तर तुझ्या भावाचा दगड सुखाने पास झाला असता. मी तसं सुचवलं नाही आणि तुझ्याही मनात आलं नसणार.

‘एवढा लांब खांब का आला ते मनूला विचार,’ मी म्हटलं.

‘मी नाय विचारणार.’

‘का पण?’

‘दुसऱ्या दोघांना इचारलंस काय?’

‘त्यांचे खांब लांब नाहीत, दिगू.’

‘मग झालं तर. आला तसा जाईल. खाली आपली ओळ हाय ना.’

ती ओळ! ‘हे निष्कर्ष आमच्याकडे आलेल्या नमुन्यांपुरतेच आहेत.’ प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात. पाऊस असो, ऊन असो, तू त्या ओळीची छत्री उघडून तिच्याखाली उभा राहायचास. मी म्हटलं, ‘कारण कळल्याशिवाय मी या रिपोर्टवर सही करणार नाही.’ तू हेल्मेट उचललंस आणि चहा न पिता गेलास.

आपलं शेवटचं बोलणं हे असं झालं. लोक मला सांत्वनाने म्हणतात, वाईट वाटून घेऊ नकोस. मला नाही वाईट वाटत. आपण भांडत आलो म्हणूनच लॅब चालली, आणि त्या दिवशी बरोबर मीच होते. तू आज समोर असतास तरी हेच म्हटलं असतं, फक्त जरा मोठ्याने.

तुझं तेरावं झाल्यावर मनू लॅबमध्ये आला. तुझा शर्ट घातला होता त्याने, निळ्या चौकटीचा. मला दारात क्षणभर तूच दिसलास. खुर्ची दिली तर बसेना.

‘शुभाताई, माजा दगड काढून टाका त्या यादीतनं,’ तो म्हणाला. ‘सोसायटीला मी सांगतो, मला द्यायचा नाय म्हणून.’

‘का रे?’

‘वयनी बोल्ली. आदल्या रात्री दादा जेवला नाय. एवढंच बोल्ला, मनूचा दगड बसत नाय.’ मग खूप वेळ तो हातातली मोटरसायकलची किल्ली फिरवत राहिला. ‘दादाला माजी लाज वाटली आसंल. मरताना तेच डोक्यात घेऊन गेला तो.’

दिगू, त्या क्षणी शेड, सोसायटी, चार्ट सगळं माझ्या डोक्यातून गेलं. तुझा एवढा धिप्पाड भाऊ, सड्यावर चार माणसांचं काम एकटा ओढणारा, आणि तो जन्मभर हे उरावर घेऊन हिंडणार होता. तू न विचारलेला प्रश्न मी त्याला तिथल्या तिथे विचारला.

‘मनू, तू चिरे कुठले पाठवलेस?’

‘कुठले म्हंजे? सगळे. वरच्या थरातले, तळातले, मिसळून. गाडीत पडले तसे.’

‘निवडले नाहीस?’

‘दादाच्या लॅबला निवडून पाठवीन?’ तो चिडलाच. ‘गाव काय बोल्लं आसतं? भावाभावांनी जुळवलं, आसंच ना?’

मी कपाळाला हात लावला. तुमचं सगळं घरच असलं! बाकीच्या दोघांनी आपल्या खाणीतले चांगले टणक चिरे वेचून पाठवले होते, जगात सगळे पाठवतात तसे. त्यांचे खांब आखूड होते ते त्यामुळे. आणि आमच्या मनूने, भावाच्या लॅबवर कुणी बोट ठेवू नये म्हणून, तळचा मऊ दगडसुद्धा मुद्दाम भरून दिला. तिन्ही खांबांत त्याचा एकट्याचा खांब खरं बोलत होता आणि तोच नापास झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खाणीवर गेले. सड्यावर ऊन असं की चपलेतून पाय भाजत होते. मनूने मला खाणीच्या भिंतीजवळ नेऊन थर दाखवले. वर काळपट तांबडा, छिद्राछिद्रांचा दगड. खाली उतरत गेलं की पिवळट होत जातो, मधे मधे पांढरे मातकट डाग, नखाने उकरले तर निघतील असे. मी म्हटलं, ‘इतकं सरळ दिसतं हे?’

‘आमच्या घरातलं बारकं पोर पण वळखतं,’ मनू म्हणाला. ‘दादा तर हितंच वाढला. सुट्टीत बापाबरोबर चिरे मोजायला तोच यायचा.’

तो पुढे काहीतरी सांगत होता. मला ऐकू येईना. माझ्या डोळ्यांसमोर तू होतास, गाळ्याच्या दारात उकिडवा बसलेला, मनूचा एकेक चिरा दोन्ही हातांत घेऊन त्याच्यावर खडूने नंबर घालणारा.

परत आले ती थेट गाळ्याच्या मागे गेले. फोडलेल्या चिऱ्यांचे तुकडे तू तिथे ठेवायचास, एका खाणीचा एक ढीग, रिपोर्ट जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नळावर पाणी भरायला मी रोज त्यांच्यावरून जात होते. एका खाणीचा एक ढीग, दुसऱ्या खाणीचा एक ढीग. आणि मनूच्या नावाचे दोन. एक काळपट तांबडा, एक पिवळट. मधे हातभर जागा सोडून, तुकडे नीट रचून ठेवलेले.

तुला माहीत होतं! पहिला चिरा उचललास तेव्हाच तुला कळलं होतं की मनूने तळचेही पाठवलेत, आणि का पाठवलेत तेही. लांब खांब म्हणजे एक वाईट खाण नव्हे, दोन थर एकाच खांबात कोंबलेत, हे तुझ्याइतकं कुणाला समजणार होतं? वेगळे करायला तुझे हात शिवशिवले, म्हणून ढीग वेगळे केलेस. पण चार्टमध्ये वेगळे केले तर भावासाठी केले असं झालं असतं. मग तू तोंड मिटून बसलास, आणि घरी जाऊन जेवला नाहीस.

मला तुझा इतका संताप आला म्हणून सांगू! भाऊ तू होतास, मी नव्हते. मला सांगायला काय झालं होतं? एक वाक्य. ‘शुभा, मागे जाऊन ढीग बघ.’ एवढं बोलला असतास तर मी दुसऱ्या दिवशी खाणीवर गेले असते. मग हळूहळू तुझं ते बोलणं पुन्हा कानात यायला लागलं, ‘मी नाय विचारणार.’ तू विचारणार नव्हतास. मी विचारावं असं तुझ्या मनात होतं का रे? म्हणून ढीग तसे समोर, माझ्या रोजच्या वाटेवर ठेवलेस का? की मीच आता माझ्या सोयीने ऐकते आहे, देव जाणे. हा प्रश्न तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही, आणि त्याची चुटपुट मला राहणार आहे.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं. तिन्ही खाणींवर स्वतः गेले आणि विकायला रचून ठेवलेल्या चट्ट्यांतले चिरे माझ्या हाताने काढले, वरच्या थराचेही आणि तळच्या थराचेही. बाकीच्या दोघांनी कुरकुर केली. ‘मॅडम, नमुने दिलेत की आमी!’ मी म्हटलं, ‘दिलेत ते तुमच्या पसंतीचे, हे माझ्या पसंतीचे.’ सगळे भिजवले, फोडले. मशीन मी चालवलं, आणि तुला आवडणार नाही, पण मला ते तुझ्यापेक्षा सफाईने चालवता येतं. तू दाब द्यायची फार घाई करायचास.

नव्या आकड्यांनी त्या दोघांचेही खांब लांबले आणि दोघांचीही खालची टोकं रेघेखाली उतरली. मग मी प्रत्येक खाणीचे थर वेगळे करून खांब वेगळे काढले. मनूच्या वरच्या थराचा खांब आखूड निघाला आणि लाल रेघेच्या चांगला वर बसला, तिघांत उजवा. तळच्या थराचा खांब रेघेच्या खाली, तो कुंपणाला चालेल, ओल्या भिंतीला नाही. तुझा जुना लांब खांब मी काढला नाही. तोही शेजारी ठेवला, पहिली तपासणी म्हणून, खाली तुझं नाव घालून.

आणि अजून एक केलं. तू जो खालचा खांब अदृश्य करायचास, त्याला मी रंग दिला. फिकट तांबडा. हवेत तरंगणारे खांब मला कधीच पटले नव्हते. खात्रीची ताकद तेवढीच असते ना, खालची? भिंत तिच्यावर उभी राहते आणि तू तीच पुसून टाकायचास. या भांडणात मी जिंकले असं मी जाहीर करते. समोर कुणी नाही म्हणून जिंकण्यात काडीची मजा नाही.

मनूला त्या दोन ढिगांबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. सोसायटीची बैठक व्हायच्या आधी सांगितलं असतं तर त्याचा दगड घ्यावा म्हणून रडवेली गोष्ट रचली असं कुणीतरी म्हटलं असतं. हे मनात आलं आणि मी स्वतःशीच हसले. तुमच्या घरचा रोग मलाही लागला म्हणायचा.

बैठकीला भाट्याचा पूल ओलांडून, पावस गावावरून पूर्णगडला जाताना शेजारची सीट रिकामी होती. तू असतास तर वाटेत निदान दोनदा गाडी थांबवून रस्त्याच्या कडेचे दगड बघितले असतेस. सोसायटीच्या खोलीत चार्ट भिंतीवर लावला. मनू मागे दाराशी उभा होता, आत येऊन बसायला तयार नव्हता. चेअरमन तांडेलकाका चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळ जाऊन बघत राहिले.

‘ह्यो लांबडा कशाला ठेवलाव?’ त्यांनी तुझ्या खांबावर बोट ठेवलं. ‘शेजारच्या दोघांत तो आलाच की.’

‘तो आमच्या दिगूने तपासलाय, काका,’ मी म्हटलं. ‘आणि पहिल्या खेपेला न निवडता चिरे पाठवणारा हा एकटाच खाणवाला होता. ते तुम्हाला दिसावं म्हणून ठेवलाय.’

काकांनी वळून दाराकडे बघितलं. मग म्हणाले, ‘समुद्रावर जाताना आसला माणूस बोटीत आसलेला बरा.’ मनूच्या वरच्या थराचा चिरा भिंतींना घ्यायचा ठरला. चिरे उचलायच्या वेळी थर बघायला लॅबचं माणूस हजर पाहिजे, अशी अट मी घातली आणि ती त्यांनी मानली. रिपोर्टवर सही केली. त्या खालच्या बारीक ओळीत मी बदल केला आहे, आता तिथे ‘आम्ही स्वतः निवडलेल्या नमुन्यांवरून’ असं आहे. तुझी छत्री मी मिटवली, रागावू नकोस.

बाहेर आल्यावर मनूला आनंद व्हायला हवा होता. तो गाडीला टेकून खाडीकडे बघत उभा राहिला. ‘दगड पास झाला, ताई. पण दादाला कुठं कळलं?’ एवढंच बोलला.

मी त्याला म्हटलं, ‘माझ्या मागून ये.’ तो मोटरसायकलवर, मी गाडीत, असे परत रत्नागिरीला आलो. गाळ्याच्या मागे नेऊन त्याला ढिगांसमोर उभं केलं. त्याने आधी तांबड्याकडे बघितलं, मग पिवळटाकडे. मग मधल्या हातभर जागेकडे. खाली बसला, दोन्ही ढिगांतला एकेक तुकडा उचलला, दोन हातांत धरून बघत राहिला. दोन्हीवर तुझे खडूचे नंबर होते.

‘हे कोणी लावले?’

‘तुझ्या दादाने. फोडले त्याच दिवशी.’

त्याचा चेहरा मी तुला वर्णन करून सांगणार नाही, तो तुझाच चेहरा आहे. तुकडे त्याने जिथले तिथे ठेवले, या ढिगातला या ढिगात, त्या ढिगातला त्या ढिगात. मग तुझ्या त्या निळ्या चौकटीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, ‘ताई, जेवायला काय हाय काय? सकाळपासनं काय खाल्लं नाय मी.’

माझा डबा आम्ही अर्धा अर्धा खाल्ला, तुझ्या टेबलावर. ढीग मी तसेच ठेवणार आहे. दिगू, तुला कळलं होतं हे मनूला कळलं. तू आता सुखाने जेव.